आधी ताप कुठून आला ते शोध

कॅन्टन, मिशिगन
मंगळवार, रात्री साडेअकरा

चि. मनूस अनेक आशीर्वाद.

मघाशी फोनवर तू रडत होतीस आणि मी नुसती "हं, हं" करत राहिले. मशीनबद्दल मला फोनवर बोलता येत नाही, हातात कागद-पेन लागतं. गाडीचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स बदलायचा का, ते सकाळी तू त्या गॅरेजवाल्याला हो की नाही सांगणार आहेस. त्याआधी हे वाच. चहा घेत वाच, पण सगळं वाच.

गाडी कडेला घेऊन इंजिन बंद केलंस ते अगदी बरोबर केलंस. कोलोरॅडोतला सिल्व्हरथॉर्न ते आयझेनहॉवर बोगदा हा चढ मी पाहिलेला आहे. नऊ हजार फुटांवरून निघून जेमतेम आठ मैलांत अकरा हजार फुटांच्या वर जायचं. त्या उंचीवर हवा विरळ, त्यामुळे साध्या इंजिनाची जवळजवळ तीस टक्के ताकद तशीच जाते, आणि गरम झालेलं काही थंड व्हायलाही वेळ लागतो. मागे ट्रेलरवर पीचची, वीस पौंडांची दीडशे खोकी. इंजिन मिनिटाला पाच हजार फेऱ्यांवर बोंबलतंय, वेग पंचवीस मैलांच्या खाली, वर जळका वास. अशा वेळी माणूस बोगदा दिसतोय म्हणून ॲक्सिलरेटर दाबतच राहतो. तू नाही दाबलास.

लहानपणी अण्णांच्या टेम्पोतून आम्ही कोल्हापूरहून रत्नागिरीला जायचो. परत येताना आंबा घाट चढायचा म्हणजे क्लीनर हातात दगड घेऊन तयार. गाडी दमली की तो उडी मारून चाकाखाली दगड लावायचा. मग अर्धा तास सगळे खाली. रेडिएटरला पाणी, माणसांना चहा. उशीर झाला म्हणून अण्णांना कुणी बोललेलं मला आठवत नाही.

आता ते तीन आठवडे. तू म्हणालीस, "आई, जाणवत होतं गं, पण रस्ताच खराब असेल असं वाटलं." सकाळी डी मध्ये टाकल्यावर दोन सेकंद काहीच व्हायचं नाही आणि मग गाडी धक्का देऊन निघायची. तिसऱ्यातून चौथ्यात जाताना इंजिन क्षणभर मोकळं सुटायचं, फेऱ्यांचा काटा वर उडायचा, मग गिअर पकडायचा. आणि पंचेचाळीसच्या आसपास सगळी गाडी थरथरायची, हायवेच्या कडेच्या खाचांवरून चाक गेल्यासारखी. या तीन वेगळ्या तक्रारी असल्या तरी तिघींचं बोट एकाच ठिकाणी जातं: गिअरबॉक्सच्या आतल्या ऑईलचा दाब आणि त्या ऑईलची तब्येत. तू मला सांगितलं नाहीस याचं वाईट वाटतं, ते का ते पुढे लिहिते. पण हा दोष मनाला लावून घेऊ नकोस. मी बावीस वर्षं गिअरबॉक्सच्या व्हॉल्व्ह बॉडीच्या टेस्ट बेंचवर उभी राहिले म्हणून मला ही लक्षणं ओळखता येतात. तू शेतावर पीच पिकवतेस, तुला कशी ओळखता येणार?

आत काय असतं ते एकदा समजून घे, म्हणजे उद्या तो काय बोलतो ते कळेल. ऑटोमॅटिकमध्ये दातेरी चक्रं असतात, पण ती सहसा मरत नाहीत. मरतात त्या क्लच प्लेटा. पोलादी चकती, तिच्या दोन्ही बाजूंना चिकटवलेला कागदी थर, पोस्टकार्डाहून थोडा जाड. मग एक साधी पोलादी चकती, परत एक थराची, अशी चळत. ऑईलचा दाब आला की चळत आवळली जाते आणि गिअर पडतो. दाब कमी पडला की प्लेटा एकमेकींवर घासतात, त्या घासण्यानं तापतात आणि ऑईलही तापवतात. तापलेलं ऑईल पातळ होतं, करपतं, रबरी सील कडक होऊन गळायला लागतात आणि दाब आणखी पडतो. एकदा हे चक्र सुरू झालं की आपोआप थांबत नाही. व्हॉल्व्ह बॉडी म्हणजे या दाबाचं वाटप करणारा ॲल्युमिनियमचा ठोकळा. त्यात ऑईलच्या वाटा इतक्या बारीक आणि वळणावळणाच्या असतात की पहिल्यांदा हातात घेतला तेव्हा मला कोरलेल्या वाड्याच्या दारासारखा वाटला होता. हायड्रामॅटिक ही जनरल मोटर्सची ऑटोमॅटिक १९४० च्या मॉडेलच्या गाड्यांत आली तेव्हापासून ग्रहचक्रं (मधल्या चक्राभोवती फिरणारी दातेरी चक्रं), क्लच आणि ऑईलचा दाब हा संसार तोच आहे. गिअर चाराचे दहा झाले आणि हुकूम द्यायला कॉम्प्युटर आला, एवढंच.

इंजिन आणि हा डबा, म्हणजे गिअरबॉक्स, यांच्यामध्ये टॉर्क कन्व्हर्टर असतो. समोरासमोर ठेवलेले दोन पंखे समज, एकानं फेकलेल्या ऑईलनं दुसरा फिरतो. सपाट रस्त्यावर ते दोन्ही आतल्या क्लचनं बांधले जातात आणि एकजीव फिरतात. चढावर ओझं घेऊन गाडी सारखी गिअर बदलत राहिली की ती गाठ सुटते आणि सगळी ताकद ऑईल घुसळण्यात जाते. घाटात ताप तिथून येतो. तू सांगितलंस की गिअर ऑईलच्या तापमानाचा काटा २५० फॅरनहाइटवर होता, म्हणजे १२० सेल्सिअसच्या वर. एरवी तो १७५ ते २०० मध्ये असायला हवा. आमच्या धंद्यात एक ढोबळ आडाखा आहे: १७५ च्या पुढे दर वीस अंशांना ऑईलचं आयुष्य निम्मं होतं.

तर आता मुख्य गोष्ट. त्या गॅरेजवाल्यानं पॅन, म्हणजे डब्याखालची ऑईलची परात, न उघडता, दहा मिनिटांत सांगितलं की रीमॅन, म्हणजे कारखान्यात परत बांधलेला, डबा घाला, सहा हजार चारशे डॉलर. डबा गेला आहे हे त्याचं म्हणणं बहुधा खरं आहे. तासभर थंड झाल्यावर गाडी दोन मिनिटं चालली आणि परत सुटली, रिव्हर्सही ओढत नाही, म्हणजे प्लेटा जळल्यात असं मलाही वाटतं. पण का जळल्या हे त्यानं सांगितलं नाही, तूही विचारलं नाहीस. ते कारण तसंच राहिलं तर नवा डबा पुढच्या पीचच्या मोसमात त्याच चढावर जळेल.

मला वाटतं, कारण माझ्याकडे एप्रिलपासून पडून होतं. गाडी घेतलीस तेव्हा तू पुढून काढलेला फोटो पाठवला होतास, बॉनेट उघडं, तू हसतेस. मी फक्त तुझा चेहरा पाहिला. आज रात्री तोच फोटो मोठा करून पाहिला. रेडिएटरच्या पुढे गिअर ऑईलचा वेगळा कूलर नाही. एसीची जाळी आहे, तिच्यापुढे काहीच नाही. मागे हुक आहे, पण तो जुन्या मालकानं नंतर बोल्टनं लावलेला दिसतो. म्हणजे ही गाडी कारखान्यातून ओझं ओढायच्या पॅकेजशिवाय निघालेली. तिच्या ऑईलला थंड व्हायला रेडिएटरच्या पोटातली छोटी नळी, एवढीच जागा. मी तो फोटो नीट पाहायला हवा होता. तू तीन आठवड्यांपूर्वी फोन केला असतास तर तेव्हा तरी पाहिला असता. म्हणून वाईट वाटतं.

उद्या त्याला सांग की आधी पॅन उतरवा, माझ्यासमोर. तळाशी एक लोहचुंबक असतं. त्याच्यावर राखाडी, लोण्यासारखा मऊ थर असला तर ती रोजची झीज. बोटाला टोचणारा लोखंडाचा कीस निघाला तर चक्रं किंवा बेअरिंगही गेलंय. काळा चुरा आणि करपट वास म्हणजे प्लेटा. चांगलं ऑईल लालसर आणि आरपार दिसणारं असतं. पण ते गढूळ गुलाबी निघालं, पुण्याच्या गुलाब मस्तानीसारखं, तर तिथेच थांबव. त्याचा अर्थ रेडिएटर आतून फुटलाय आणि कूलंट ऑईलमध्ये शिरलंय. कूलंटनं प्लेटांवरचा चिकटवलेला थर सुटतो. मग रेडिएटर बदलल्याशिवाय नवा डबा जोडायचाच नाही, त्यानं कितीही घाई केली तरी.

गाडीच्या कॉम्प्युटरनं नोंदवलेले बिघाडाचे कोडही विचार. पी ०७०० आला म्हणाला तर त्याचा अर्थ फक्त "गिअरबॉक्सच्या कॉम्प्युटरकडे चौकशी करा" असा आहे. खरं कारण त्या दुसऱ्या कॉम्प्युटरमध्ये असतं आणि ते वाचणारा स्कॅनर लागतो. पी ०७३० म्हणजे गिअरचं गुणोत्तर जुळत नाही, म्हणजे स्लिप, प्लेटा घसरतायत. पी ०७४१ म्हणजे कन्व्हर्टरची गाठ बसत नाही. सगळे कोड कागदावर लिहून घे.

गाडी त्याच्याकडून दुसरीकडे न्यायची ठरली, आणि मला तेच करावंसं वाटतं, तर फ्लॅटबेडवरच, म्हणजे सगळी गाडी वर चढवणाऱ्या सपाट ट्रकवरच ने. मागची चाकं जमिनीवर ठेवून टोचन करू देऊ नकोस. ऑईलचा पंप इंजिनावर चालतो. इंजिन बंद आणि चाकं फिरतायत म्हणजे आतलं सगळं कोरडं फिरणार, आणि जे वाचलंय तेही जाणार. ग्रँड जंक्शन तिथून १७५ मैल आहे, डेन्व्हर सत्तर. पण तुझं घर ग्रँड जंक्शनजवळ पॅलिसेडला, तुझी माणसं तिकडे, आणि गॅरंटीचं काम निघालं तर परत परत घाट ओलांडावा लागू नये. इन्शुरन्समध्ये टोइंग किती मैलांपर्यंत आहे ते आजच बघ.

वाटा तीन आहेत. कबाडातला जुना डबा सगळ्यात स्वस्त, पण त्यानं आधी काय ओढलंय कुणालाच माहीत नसतं, तो नको. फक्त गिअरबॉक्सचंच काम करणाऱ्या माणसाकडून आपलाच डबा उघडून बांधून घेणं ही दुसरी. माणूस चांगला असेल तर मला ही सगळ्यात आवडते, कारण तो काय जळलं ते हातात देऊन दाखवतो. तिसरी, कारखान्यात परत बांधलेला रीमॅन. महाग, पण पुष्कळदा तीन वर्षं, एक लाख मैलांची गॅरंटी मिळते, आणि ती देशभर कुठेही चालते का ते विचारायचं. त्या ६,४०० मध्ये जुन्या डब्याची अनामत धरली आहे का तेही विचार, जुना डबा परत दिला की ती मिळते. ग्रँड जंक्शनला दुसरा भाव घे, मग ठरव. स्लिप थांबवणारं बाटलीतलं औषध कुणी पुढे केलं तर घेऊ नकोस. जळालेला कागद औषधानं परत येत नाही.

काहीही घातलं तरी चार गोष्टी बिलावर लिहून घे. जुन्या कूलरच्या नळ्या धुतल्या किंवा बदलल्या, नाहीतर जुना चुरा नव्या डब्यात जातो. रेडिएटरपुढे वेगळा कूलर बसवला. कॉम्प्युटरनं जुन्या झिजलेल्या प्लेटांसाठी शिकून ठेवलेले आकडे पुसले. आणि ऑईल गाडीच्या पुस्तकात लिहिलंय तेच. डेक्स्रॉन सहा, मर्कॉन एलव्ही, एटीएफ प्लस फोर ही सगळी लालच दिसतात, पण एकीचं दुसरीत चालत नाही. जुन्या मालकानं "आयुष्यभराचं ऑईल आहे, बदलायला लागत नाही" असं सांगितलं होतं ना? १,१२,००० मैल झालेत त्या गाडीचे. ओझं ओढणाऱ्या गाडीचं ऑईल मी तीस हजारांना बदलते.

पहिले ५०० मैल ट्रेलर लावू नकोस. पुढे घाटात टो-हॉल, म्हणजे ओझं ओढतानाचं, बटण दाबूनच चढ, सिल्व्हरथॉर्नलाच गिअर खाली घे आणि चाळीसनं ट्रकांच्या रांगेत जा. काटा २३० कडे गेला आणि गाडी अजून नीट ओढतेय, तर कडेला घेऊन पार्कमध्ये टाक आणि इंजिन चालू ठेव, म्हणजे पंप ऑईल कूलरमधून फिरवत राहील. वास आला किंवा ओढ सुटली तर परवा केलंस तसं बंद.

पैशांचं बाबांशी बोलले आहे. दोन हजार गुरुवारी तुझ्या खात्यात येतील. परत करायचं म्हणू नकोस, निदान पुढचा मोसम संपेपर्यंत तरी.

पॅन उतरला की फोटो काढ. उजेडात धरून, चुंबकाचा अगदी जवळून, आणि ऑईलचे दोन थेंब पांढऱ्या कागदावर घेऊन त्यांचाही. तुझ्याकडे आठ वाजतील तेव्हा इथे दहा असतात, मी फोन हातात घेऊन बसलेली असेन.

तुझी,
आई

ता.क. टो ट्रकवाल्याला एक खोका पीच दिलास हे बाबांना फार आवडलं. उरलेली डेन्व्हरला पोचली का ते त्यांनी तीनदा विचारलंय. ट्रेलर अजून त्या उतारावरच्या आवारात उभा असेल तर सकाळी आधी त्याच्या चाकांखाली दगड लाव.