यंत्रं किलोवर जाण्याआधी मदत करा!

सप्रेम नमस्कार,

मंडळाच्या शेडमधला लेथ (धातू कातायचं यंत्र) आज नव्या मुलांच्या हाताखाली फिरतो, तो एका माउलीमुळे. पती गेल्यावर भंगारवाले दारात उभे असताना "यांच्या यंत्राचं वजन करायचं नाही," असं त्यांनी ठणकावलं. नुसता लेथ नव्हे, काम पकडणारा चक, लांब कामाला आधार देणारी स्टेडी, हत्यार धरणारा टूलपोस्ट, तेलकट फडक्यात बांधलेले चेंज गिअर (आट्यांचं माप बदलायची दातेरी चाकं), सगळं सोबत दिलं. त्यात 127 दात्यांचं गिअरही होतं! इंची लीडस्क्रूवर (आटे पाडताना हत्यार सरकवणारा लांब स्क्रू) मिलिमीटरचे आटे पाडायला ते लागतं, कारण 5 इंच म्हणजे बरोबर 127 मिलिमीटर. इतर घरांत नेमकं हेच चाक "हे कशाचं?" म्हणून आधी भंगारात जातं आणि लेथ कायमचा अर्धा होतो. त्या वेळी ट्रक देणारे आपले माजी खजिनदार आणि रात्रभर लेथच्या बेडवरचा गंज काढत बसलेले फिटर मित्र यांचेही ऋण मोठे आहे.

आता आणखी एका दिवंगत सभासदाचं वर्कशॉप रिकामं करायचं आहे. जागामालकाने महिनाअखेरची मुदत दिली आहे. घरचे लेथ आणि शेपर (धातू रंधून सपाट करणारं यंत्र) दोन्ही विनामूल्य द्यायला तयार आहेत, पण 6 फुटी लेथ म्हणजे टनाच्या आसपासचं धूड. त्याचा भार हेडस्टॉककडे (चक फिरवणाऱ्या टोकाकडे) असतो, उचलायचा पट्टा मधोमध बांधला की कलंडलाच. आणि बीड (ओतीव लोखंड) वाकत नाही, तडकतं. नुसत्या उत्साहाने हे काम होणार नाही.

स्पष्ट लिहितो. मागच्या आवाहनाला ग्रुपवर अंगठे भरपूर आले, पहारीला हात लावायला मात्र नेहमीचीच मंडळी. त्यांतल्या दोघांच्या कमरा आता साथ देत नाहीत.

हवं ते: क्रेन व ट्रकचं भाडं, जाड पाइप (रोलरसाठी), लाकडी ठोकळे, तीन फेजची जोडणी सोडवायला जाणकार वायरमन (घरच्यांनी तारा कापू नयेत). रक्कम मंडळाच्या नेहमीच्या खात्यात, पावती खजिनदारांकडे. येत्या रविवारी सकाळी 8 वाजता शेडवर, जाड बूट घालून. ज्यांच्याकडे स्वतःची यंत्रं आहेत त्यांनी कुठला भाग कशाचा, याच्या चिठ्ठ्या आत्ताच बांधाव्यात व घरी सांगून ठेवावं.

आपला,
सचिव

ता. क. मंडळाचा चेनब्लॉक (वजन उचलायची साखळी-कप्पी) ज्यांनी नेला आहे त्यांनी शनिवारपर्यंत आणून द्यावा. नाव लिहीत नाही.