बिनतुपाचा मसालेभात

डोंबिवली,
रविवार सकाळ

चि. अमेय यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

परवा फोनवर म्हणालास, "आई, मसालेभात कसा करायचा ते व्हॉट्सॲपवर टाक ना." टाकणार होते. तीन ओळी लिहिल्या आणि पुसल्या. या भाताबद्दल मला तुझ्याशी जरा जास्त बोलायचंय आणि फोनवर ते माझ्या तोंडून येत नाही. म्हणून कागद घेतला. बाबा फोटो काढून पाठवतील, अक्षर लावून घे.

आधी तुपाचं. तू दूध-तूप सगळं सोडलंयस हे मला माहीत होतं. तरी दिवाळीत तू आलास त्या दुपारी मी तोंडल्यांचा मसालेभात केला होता. पानावर बसताना तू विचारलंस, "तूप नाही ना यात?" मी म्हटलं, "नाही रे." अख्खी फोडणी तुपात होती. एवढ्या लांबून आलेलं पोर, गालाची हाडं वर आलेली, त्याला नुसत्या तेलावर कसं जेवायला घालू, एवढंच तेव्हा डोक्यात होतं. तू दोनदा भात घेतलास आणि वर म्हणालास, "बघ, तुपाशिवायसुद्धा किती छान होतो!" तेव्हाच बोलायला हवं होतं. नाही बोलले. रात्री आवराआवर करताना ताईच्या तोंडून निसटलं.

तू ओरडला असतास तर बरं झालं असतं. तू काहीच बोलला नाहीस. फक्त पुढचे नऊ दिवस कुठलीही फोडणी पडायच्या आत "काही मदत करू का" म्हणून ओट्याशी येऊन उभा राहायचास. मला कळत होतं रे.

तू गेल्यावर बाबांनी कपाटातून गांधीजींची आत्मकथा काढून माझ्यापुढे ठेवली. पानात बसचं तिकीट घातलं होतं. गांधीजींनी १९१२ साली टॉल्स्टॉय फार्मवर दूध सोडलं. १९१८-१९च्या आजारपणात अगदी मरणाच्या दारी पोचले तरी ते दूध घेईनात. तेव्हा कस्तुरबा म्हणाल्या, तुमचं व्रत गाईम्हशीच्या दुधाचं आहे, शेळीच्या दुधाला काय हरकत? त्यांनी ते घेतलं, पण व्रताचा नुसता शब्द राहिला ही टोचणी त्यांना कायम राहिली. मी वाचून पुस्तक मिटलं. बांनी निदान समोर उभं राहून सांगितलं होतं. मी चोरून घातलं.

तर झालं. आता भात.

गंमत म्हणजे ज्या तुपासाठी मी खोटं बोलले ते या भातात मुळात नव्हतंच. तुझी आजी वाईची. तिच्या माहेरी लग्नाच्या पंगतीचा मसालेभात गोडेतेलातच व्हायचा. तूप यायचं ते वाढताना, भातावर वरून, आणि तेही वाढप्याच्या मर्जीने. फोडणीच तुपात करायची ही चैन माझ्या संसारातली, बाबांना बढती मिळाल्यानंतरची. म्हणजे तुला जो हवाय तो आजीचा भात आहे, मधे फक्त मी आले.

तरी वरच्या तुपाची जागा रिकामी राहतेच. नोव्हेंबरपासून मी चार वेळा हा भात केला. पहिल्यांदा नुसतं तूप वगळलं, तर चव कोरडी लागली, घशाखाली उतरेना. दुसऱ्यांदा खोबरेल घातलं. बाबा म्हणाले, "शाळेत जाताना वेणी घालून दिल्यासारखा वास येतोय." कोकणात, केरळात ते छान लागत असेल, पण गोड्या मसाल्याशी त्याचं जमत नाही. तिसऱ्यांदा काजू वाटून घातले. तो भात हॉटेलातल्या पुलावासारखा झाला, चिकट आणि गोडुस. मग वरच्या मजल्यावरच्या नागपूरच्या काकू म्हणाल्या, "अहो, आमच्याकडे गोळाभातावर, वडाभातावर काय घेतात?" फोडणीचं तेल! गरम तेलात मोहरी, हिंग, लाल मिरची, आणि ते पानातल्या भातावर धारेनं. मी इतकी वर्षं त्यांच्याकडे तो भात खाल्ला आणि माझ्या डोक्यात आलं नाही. चौथा भात तसा केला. बाबांनी काही न बोलता तिसऱ्यांदा वाढून घेतला. तोच तुला सांगते.

तांदूळ. बासमती घेऊ नकोस. तो लांब लांब, अलिप्त राहतो, मसाला अंगाला लावून घेत नाही. आपल्या घरी सुरती कोलम असतो. तिथल्या भारतीय दुकानात सोना मसुरी मिळतो, तो चालेल. इंद्रायणी कुणी आणून दिला तर वरणभाताला ठेव. ती आंबेमोहोराची लेक, वास छान पण चिकट, मसालेभाताचा गोळा करते. तुझ्याकडचा तो निळा मग भरून तांदूळ घे, दोघांना दोन वेळा पुरेल. धुऊन अर्धा तास चाळणीत निथळत ठेव. ओला तांदूळ फोडणीत टाकलास तर तो परतला जात नाही, नुसता वाफेवर मऊ पडतो.

भाजी. तोंडली मिळाली तर सोनं. तिथे गोठवलेल्या पाकिटावर 'टिंडोरा' लिहिलेलं असतं, तीच ती. पण गोठवलेली पाणी फार सोडतात, तेव्हा आधी वेगळ्या तव्यावर मोठ्या आचेवर परतून घे. ताजी मिळाली तर आतून लाल झालेली काढून टाक, ती पिकलेली असतात. काहीच मिळालं नाही तर तुझ्याकडे ती बोराएवढी कोबी मिळते ना, रोझेनकोल, ती अर्धी अर्धी चिरून घाल. मी आले होते तेव्हा तिचा एकदा केला होता, आठवतंय? थोडी कडसर पण या मसाल्यात छान लागते. बरोबर मूठभर मटार, एक छोटं वांगं आणि एक बटाटा. बटाट्याच्या पिशव्यांवर तिथे न फुटणारा आणि पिठूळ असं छापलेलं असतं, याचं मला तेव्हा फार कौतुक वाटलं होतं. आपल्याकडे बटाटा म्हणजे बटाटा, घरी आणून नशीब काढायचं. तू 'फेस्टकोखेंड', म्हणजे न फुटणारा, लिहिलेला घे. पोटभरीचं व्हायला हवं म्हणालास, तर रात्री भिजवलेले मूठभर शेंगदाणे घाल. भाताला जे कमी पडतं ते दाण्यांतून, मटारांतून मिळतं. टोफू घातलास तरी मी काही म्हणणार नाही, पण मला फोटो पाठवू नकोस.

आता फोडणी. जाड बुडाचं पातेलं, चार मोठे चमचे शेंगदाण्याचं तेल. कमी करू नकोस, तूप गेलंय. तेल तापलं की मोहरी, ती तडतडली की जिरं, हिंग, हळद, कढीपत्ता, दोन मिरच्या उभ्या चिरून. मग तमालपत्र, तीन लवंगा, चार मिरी, बोटभर दालचिनी. लगेच तोंडली आणि बटाटा. इथे घाई करतोस तू. तोंडल्यांच्या कडा तपकिरी होईस्तोवर परत, सात-आठ मिनिटं जातात. मसालेभाताचा अर्धा वास या कडांचा असतो. वांगं, मटार, दाणे नंतर. मग निथळलेला तांदूळ घालून तीन-चार मिनिटं हलक्या हाताने परत. आधी तो उलथन्याला जड लागतो, मग सुटा होऊन पातेल्यात खडखडायला लागतो. तो आवाज आला की गोडा मसाला, दोन चमचे भरून, अर्धा चमचा तिखट आणि लगेच पाणी. कोरडा मसाला तेलात जास्त वेळ राहिला तर जळतो आणि मग तो भात गुळानेही सावरत नाही.

पाणी उकळतंच हवं. एका मगाला दोन मग. किटलीत आधीच उकळून ठेव. गार पाणी ओतलंस तर शिजणं मधेच थांबतं, तांदूळ बाहेरून फुगतो आणि आत कणी राहते. मीठ आणि सुपारीएवढा गूळ घालून ते पाणी चाख. आमटीपेक्षा थोडं खारट लागलं पाहिजे, भात ते पिऊन बरोबर होतो. लिंबू, चिंच यातलं काही आत्ता घालू नकोस. आंबट पाण्यात बटाटा लवकर शिजत नाही, तसाच टणक राहतो. लिंबू पानात.

पाणी तांदळाच्या पातळीला आलं की आच बारीक, झाकण, बारा ते पंधरा मिनिटं. तुझी ती काचेची शेगडी बंद केल्यावरही बराच वेळ तापलेली राहते. मी तिथे पहिले दोन भात त्यामुळेच करपवले. तेव्हा थोडं आधीच बंद कर आणि दहा मिनिटं झाकण उघडू नकोस. उघडशीलच, माहितेय.

तो मुरतोय तोवर दोन चमचे तीळ आणि चार चमचे सुकं खोबरं कोरडं भाजून जाडसर कुटून घे. चहाच्या मगाच्या बुडाने कुटलंस तरी चालेल. हे कूट, ओलं खोबरं आणि भरपूर कोथिंबीर वरून घालून भात एकदाच, कडेकडेने हलव. तिळाखोबऱ्याचं तेल भाताला लागतं आणि तो ओलसर होतो. मग छोट्या कढईत दोन चमचे तेल, मोहरी, चिमूटभर जास्त हिंग, एक सुकी मिरची. पानात वाढलेल्या भातावर ते चरचरलं पाहिजे.

मठ्ठा तुला चालत नाही, तर सोलकढी कर. नारळाच्या दुधाचा डबा आणि आमसुलं आहेतच तुझ्याकडे. आमसुलं कोमट पाण्यात चुरायची, लसूण-मिरची ठेचून घालायची, मीठ. दहा मिनिटांचं काम.

उरलेला भात आपण इथे सर्रास रात्रभर ओट्यावर ठेवतो. ठेवू नये. ताई म्हणते भातातले काही जंतू शिजवूनही मरत नाहीत, बाहेर राहिला की वाढतात, आणि पुन्हा गरम केल्याने त्यांचं विष जात नाही. तासाभरात फ्रिजमध्ये टाक. आणि बी-१२ची गोळी घेतोस ना? हे मी तुझ्या खाण्याला नावं ठेवायला विचारत नाहीये. ते भाजीपाल्यातून मिळत नाही हे तुलाही माहितेय.

गोडा मसाला पाठवतेय. ताईच्या मैत्रिणीचे यजमान पुढच्या आठवड्यात येताहेत. पाव किलो धने, सुकं खोबरं, तीळ, जिरं, दगडफूल, नागकेशर, सगळं आपल्या मापाने. दगडफूल या वेळी जरा जास्त पडलंय, म्हणून रंग काळपट दिसेल. बाबा म्हणतात ते फूलही नाही आणि दगडही नाही, बुरशी आणि शेवाळ यांनी मांडलेला संसार आहे. खसखस मात्र घातली नाही. ते दुबईमार्गे येताहेत आणि तिथे खसखस न्यायला बंदी आहे, लोकांना तुरुंगात जावं लागलंय त्यापायी. तेव्हा चव थोडी वेगळी लागली तर मी विसरले असं समजू नकोस.

मे महिन्यात येशील तेव्हा हाच करू. फोडणीच्या वेळी ओट्याशी ये. मदतीला नाही, तोंडली चिरायला. माझं बोट हल्ली दुखतं.

बाबांचे आशीर्वाद. ते म्हणताहेत, पत्रात त्यांचा खोबरेलाचा विनोद घातला का ते बघ.

तुझी,
आई

ता. क. : तुझ्या खोलीतल्या त्या मुलाला गहू चालत नाही म्हणाला होतास ना? मग त्याला वाढण्याआधी हिंगाची डबी वाचून बघ. आपल्या नेहमीच्या बांधानी हिंगात बहुतेक वेळा गव्हाचं पीठ असतं. त्याच्यासाठी फोडणी हिंगाशिवाय कर, आणि त्याला तसं आधी सांग.