अर्ध्या अंतराचं तुम्ही दाखवलं म्हणून

नमस्कार दादा,

फोनवर बोलली असती पण फोनवर मला नीट जमत नाही, म्हणून इथंच सगळ्यांसमोर लिहून राहिली.

दिवाळीत तुम्ही गावी आले तेव्हा मी दोन महिन्यांपासून सहा अमिनो अ‍ॅसिडची साखळी गोल करायच्या मागं लागली होती. रेझिनवर, म्हणजे बारीक मण्यांवर, साखळी मस्त बनली होती, कपलिंग (पुढचं अमिनो अ‍ॅसिड जोडणं) झाल्यावर कायझर टेस्टला मणी पिवळेच राहायचे, म्हणजे जोड पूर्ण. सरळ साखळीचा मासमधला (रेणूचं वजन मोजायच्या मशीनमधला) आकडा ६१७.४, गोल होताना पाण्याचे १८ जाणार म्हणजे ५९९.४, आणि मला ५९९.४ आलं होतं! घरी सांगूनही टाकलं होतं.

तुम्ही ओसरीत कापसाच्या ढिगाला टेकून लॅपटॉप मांडीवर घेतला, पीक मोठं केलं न बोट ठेवलं, "हे पाय, ५९९.४ च्या बाजूला ६००.४ पाहिजे होतं, इथं ५९९.९ आहे. अर्ध्या अर्ध्यानं चालून राह्यलं हे, म्हणजे चार्ज दोन. दोन साखळ्या मिळून एक मोठं कडं झालं बाप्पा." मशीन वजनाला चार्जनं भागून दाखवते, अन् जड कार्बनवाल्या रेणूंचं पीक एकानं पुढं येते, चार्ज दोन असला की अर्ध्यानं. वजन दुप्पट, चार्ज दुप्पट, म्हणून आकडा तोच! लॅबमध्ये कोणाच्याच लक्षात आलं नव्हतं.

मला रडू आलं तर तुम्ही रागावले नाही, फक्त विचारलं सॉल्व्हेंट किती घेतलं. ६२ मिलिग्रॅमला १० मिली. तुम्ही म्हटलं, बाजाराच्या गर्दीत लेकराचा हात सुटला की जो जवळ दिसल त्याचाच धरते, साखळीचंही तसंच, तिचंच दुसरं टोक तिला आधी सापडलं पाहिजे, तर गर्दी कमी कर. मग २०० मिली घेतलं, त्यातल्या २० मिलीत साखळी विरघळवून बाकीच्यात मिनिटाला एक थेंब, सकाळपासून संध्याकाळपर्यंत फनेलजवळ बसून. मागच्या आठवड्यात मास आलं: ५९९.४, ६००.४, ६०१.४. डायमर, म्हणजे ते दोन साखळ्यांचं कडं, अजून थोडा आहे पण एचपीएलसीत (मिश्रण वेगळं करायच्या मशीनमध्ये) वेगळा निघते.

आणखी एक. बाबांनी विचारलं होतं या कड्याचं करता काय, तर तुम्ही त्यांना सायक्लोस्पोरिन सांगितलं, ११ अमिनो अ‍ॅसिडचं कडं, किडनी बदललेल्या माणसाला देतात, अन् कड्याला मोकळं टोक नसते म्हणून पोटातल्या एन्झाइमला ते सहज कुरतडता येत नाही. पाच वर्षं झाली मी केमिस्ट्री शिकून राहिली, बाबांना माझं काम त्या दिवशी पहिल्यांदा समजलं. आता येणाऱ्या जाणाऱ्याला तेच कडं सांगतात.

तुरीला शेंगा भरल्या आहेत. आई म्हणते सोल्याची भाजी करते, संक्रांतीला इकडूनच जा.

तुमची धाकटी बहीण