जवारी लागली, ताई

ताई,
सप्रेम नमस्कार.

वयानं तुम्ही माझ्या मुलीएवढ्या, तरी पहिल्या दिवसापासून तोंडात 'ताई'च आलं. आता तेच राहू दे. परवा तुमच्या कानाच्या दवाखान्यातून निघालो तेव्हा बाहेर पुढचे पेशंट ताटकळले होते, माझा गळा दाटून आला होता, आणि 'बरंय, येतो' एवढंच म्हणून मी जिना उतरलो. ते मनाला लागून राहिलंय. म्हणून हे पत्र. तुमचं नाव लिहीत नाही, तुम्हाला संकोच वाटेल. पण चार लोकांत लिहितोय, कारण माझ्या ओळखीतलेच तीन जण कानाचं मशीन कपाटात डबीत घालून बसलेत.

२३ जुलै २०२५ची सकाळ. मोबाइल उघडला तर ब्लॅक सॅबाथ या इंग्लिश रॉक बँडचा गायक ओझी ऑस्बर्न गेल्याची बातमी. अडीच आठवडेच झाले होते त्याच्या शेवटच्या कार्यक्रमाला. बर्मिंगहॅममधल्या ज्या ॲस्टन भागात तो वाढला, तिथल्याच फुटबॉल मैदानावर, ५ जुलैला. पार्किन्सन्समुळे उभं राहता येत नव्हतं, म्हणून भल्यामोठ्या काळ्या खुर्चीत बसून गायला होता. संध्याकाळी आम्ही एरंडवण्यात मित्राकडे जमलो. कॉलेजातले आम्ही चौघे, आता तिघे. मित्रानं ब्लॅक सॅबाथची १९७०ची पहिली रेकॉर्ड लावली. पावसाचा आणि घंटेचा आवाज, मग ते जडशीळ गिटार. मला सतराव्या वर्षापासून पाठ असलेलं सगळं.

आणि मला पत्र्यावर खडी ओतल्यासारखं काहीतरी ऐकू येत होतं. लांबलेला प्रत्येक सूर थरथरून मोडत होता. सहा महिन्यांपूर्वी घेतलेली दोन मशीनं, स्कूटर येईल एवढे पैसे मोजलेली. मी ती हळूच काढून शर्टाच्या खिशात टाकली आणि रेकॉर्ड संपेपर्यंत मित्रांबरोबर मान हलवत बसलो. नुसती मान. मित्राच्या बायकोच्या ते लक्षात आलं. तिनंच निघताना दारात तुमचा नंबर दिला.

त्याआधी जिथून मशीन घेतलं होतं तिथं मी दोनदा गेलो होतो. 'काका, समोरच्याचं बोलणं कळतंय ना? मग झालं. या वयात गाणी कसली?' असं उत्तर मिळालं. बोलणं कळत होतं, हे खरं. बायको स्वयंपाकघरातून 'सात वाजले' म्हणाली की मला आधी नुसतं 'आत वाजले' ऐकू यायचं, ते थांबलं होतं. नातीची गोष्ट अर्धीमुर्धी नाही, अख्खी कळत होती. तेवढ्यासाठी मी त्यांचाही ऋणी आहे. पण 'या वयात कसली' हे वाक्य फार आत जाऊन बसलं. आपण मागतोय ते काहीतरी चैनीचं, थोडंसं लाजिरवाणंच आहे, असं वाटायला लागलं.

तुमच्याकडे आलो तेव्हा तुम्ही मशीनला हातच लावला नाहीत. कानाचा ग्राफ परत काढलात. उजव्या कानाचे लाल गोल, डाव्या कानाच्या निळ्या फुल्या. २५० हर्ट्झपासून (हा आकडा जेवढा मोठा तेवढा सूर उंच) १००० पर्यंत ठीकठाक चाललेली रेघ ४००० जवळ विहिरीत उतरल्यासारखी खाली गेलेली, आणि पुढंही फारशी वर न आलेली. तुम्ही पेन त्या खड्ड्यावर ठेवलंत आणि विचारलंत, 'काका, नोकरी कुठं होती?'

एकतीस वर्षं भोसरीत प्रेस शॉपला, पत्रा दाबणाऱ्या मशीनांत, म्हणालो. हातभर अंतरावरच्या माणसाच्या कानात ओरडावं लागायचं. इअरप्लग मिळायचे. ते आम्ही ड्रॉवरमध्ये ठेवायचो.

तुम्ही सांगितलंत की वयाची उतरण वेगळी दिसते, ती सावकाश उतरत ८००० कडे जास्त खोल जाते. ४००० जवळचा असा खड्डा बहुतेक गोंगाटाचा असतो. ग्राफवरून नेमकं बोट दाखवता येत नाही, पण रोजची आठ तास प्रेस आणि संध्याकाळची तासभर कॅसेट यांतलं जड पारडं कोणतं ते उघड आहे. ताई, तुम्हाला ते साधं निदान वाटलं असेल. आमच्या घरात चाळीस वर्षं 'त्या धांगडधिंग्यानं तुझे कान जाणार' हे वाक्य ऐकत मी म्हातारा झालो. वडील म्हणायचे, मग बायको, मग मुलगी. कान खरंच गेले तेव्हा मीही मनातून ते मान्य केलं होतं. ज्यानं मला एवढं दिलं, त्यालाच मी दोषी ठरवून बसलो होतो. तुमच्या एका प्रश्नानं ते ओझं उतरलं.

त्या प्रेस शॉपचं आणि माझ्या गाण्यांचं आणखी एक नातं आहे. ते तेव्हा सांगायचं राहिलं. ब्लॅक सॅबाथचा गिटारवाला टोनी आयोमी सतरा वर्षांचा असताना पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता, आणि कामाच्या शेवटच्या दिवशी मशीनमध्ये त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं गेली. तो डावखुरा, तारा दाबायची बोटं तीच. त्यानं प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणं बनवली, तारा हलक्या आणि पुढं ढिल्या लावल्या. तो जडशीळ आवाज घडण्यात त्या ढिल्या तारांचा मोठा वाटा आहे. शिफ्ट संपवून, हाताला तेलाचा वास असताना मी ते ऐकायचो, तेव्हा ते मला इंग्लंडचं वाटलंच नाही. भोसरीचंच वाटायचं.

मग तुम्ही म्हणालात, 'पुढच्या वेळी तुम्हाला श्वासन् श्वास पाठ असलेलं एक गाणं घेऊन या.'

मी डीप पर्पल या रॉक बँडचं गाणं घेऊन आलो. १९७२च्या ऑगस्टमध्ये जपानमधल्या कार्यक्रमांत लाइव्ह रेकॉर्ड झालेलं. त्यात इयन गिलन गळ्यानं एक तुकडा टाकतो आणि रिची ब्लॅकमोर तोच गिटारवर परत करतो. मग पुढचा, मग त्याहून अवघड. सवाल-जवाबच. १९८१ साली आमच्यातल्या चौथ्यानं ती रेकॉर्ड कॅम्पातल्या कुणाकडून दोन दिवसांसाठी आणली होती. सदाशिव पेठेतून सायकली मारत आम्ही कॅम्पात जायचो, एवढाच आमच्या लेखी परदेश. वाड्यातल्या माळ्यावर ती सी-नव्वद कॅसेटवर भरली. एका बाजूला पंचेचाळीस मिनिटं. नेमका तो सवाल-जवाब रंगात येऊन गिलनची किंकाळी आभाळाला भिडते आणि गाणं परत जमिनीवर यायला लागतं, तिथं खट्, टेप संपली. पुढं सीडी आली तेव्हा शेवट कळला. पण माझे कान आजही त्या जागी थांबतात. आणि तो चौथा आता नाही, म्हणून जरा जास्तच थांबतात.

तुम्ही ते गाणं स्पीकरवर लावलंत, डोळे मिटून ऐकलंत आणि मला विचारलंत, 'कुठं मोडतंय ते हात वर करून दाखवा.' मी दहा-बारा वेळा हात वर केला असेल. प्रत्येक वेळी तुम्ही थांबवून कागदावर खूण केलीत. चाळिसेक मिनिटं गेली. कोणत्याही डॉक्टरनं माझं ऐकणं इतक्या लक्षपूर्वक ऐकलेलं नाही.

मग तुम्ही समजावलंत ते मी घरी येऊन वहीत लिहून ठेवलंय. मशीन बनवतात ती माणसाच्या बोलण्यासाठी. बोलणं चढतं, उतरतं, मध्ये थांबतं. जो आवाज न थांबता एकसारखा येतो तो मशीनच्या लेखी गोंगाट, म्हणून ते त्याला दाबतं. आमचं संगीत म्हणजे न थांबणारी भिंतच. बारीक आवाज उचलायचा आणि मोठा खाली आणायचा हे मशीन क्षणाक्षणाला करत राहतं, म्हणून ड्रमचा घाव बसण्याआधीच चेपला जातो. आणि सगळ्यात महत्त्वाचं, ती शिट्टी. मशीनमधून कानात गेलेला आवाज फटीतून बाहेर येऊन परत माइकमध्ये शिरला की शिट्टी वाजते, तिला फीडबॅक म्हणतात. ती मारायला मशीन सतत टपलेलं असतं. एखादा सूर लांबला की त्याला वाटतं आली शिट्टी, आणि ते उलटा आवाज सोडून तो सूर खोडायला जातं. बासरीचं तेच होतं, लांबवलेल्या गिटारचं तेच, गिलनच्या किंकाळीचंही तेच.

हे ऐकून मी गप्पच झालो. कारण गिटार मुद्दाम ॲम्प्लिफायरसमोर धरून तो फीडबॅक उठवायचा, त्याला काबूत ठेवून त्यातून सूर काढायचा, ही त्या गिटारवाल्या पोरांनी कमावलेली विद्या होती. आम्ही तासन्‌तास ती कान देऊन ऐकली. आणि माझ्या कानातलं यंत्र तीच पुसत बसलं होतं.

पण मला सगळ्यात जास्त आठवतं ते त्यानंतरचं. मी विचारलं, 'म्हणजे कान गेलाच म्हणायचा का?' तुम्ही जरा विचार करून म्हणालात, 'कान आहे काका. जवारी उतरलीय.'

तुमच्या आई गातात, घरात कोपऱ्यात तंबोरा उभा असतो, हे तुम्ही नंतर सांगितलंत. मला ते शब्द लगेच लागले, कारण वडील मला लहानपणापासून सवाईला न्यायचे. शालीत गुंडाळून बसवलेला मी, आणि गाणं सुरू होण्याआधी कुणीतरी तंबोऱ्याच्या घोडीवर तारेखालचा दोरा केसभर इकडे, केसभर तिकडे सरकवतंय. दोरा चुकीच्या जागी असला की तार नुसती ढब् वाजते. जागेवर बसला की त्याच तारेतून वरचे सगळे सूर झणकारून उमलतात. तीच जवारी. तुम्ही म्हणालात, वरच्या त्या सुरांची जागाच तुमच्या कानात पुसट झालीय. झांजा, हाय-हॅट, गिटारची धार, सगळं तिथंच राहतं. गिटारचा ॲम्प्लिफायर पेलवेनासा वाढवला की आवाज फाटतो आणि त्यातून असेच वरचे सूर उठतात. वडिलांचा तंबोरा आणि माझं फाटलेलं गिटार. आयुष्यभर आम्ही दोघं या दोन आवाजांवरून भांडलो. आमच्या कानांना हवं होतं ते एकच होतं, हे त्यांना सांगायला मला फार उशीर झाला.

त्या दिवशी तुम्ही गाण्यासाठी वेगळा प्रोग्रॅम करून दिलात. गोंगाट दाबणं बंद, शिट्टी मारणं बंद, दोन्ही माइक चहूबाजूंनी उघडे, आवाजाची चढउतार सावकाश. शिट्टीचा पहारा काढला तर शिट्टी वाजणार, म्हणून कानातलं रबरी टोपण बदलून घट्ट बसणारं दिलंत. त्यानं बेस गिटारही परत आलं, जे आधी सैल टोपणातून सांडून जात होतं. बटण एकदा दाबलं की बोलणं, दोनदा दाबलं की गाणं. चार खेपा झाल्या. दर खेपेला तोच सवाल-जवाब. तुमच्या मदतनीस मुलीला तो आता पाठ झाला असणार. पहिल्या खेपेनंतरचे पैसेही तुम्ही घेतले नाहीत, 'फिटिंग पुरं झालेलं नाही' म्हणून.

तुम्ही खोटी आशाही दाखवली नाहीत. कानातल्या ज्या पेशी गेल्या त्या परत उगवत नाहीत, ६००० च्या वरचं फारसं मिळणार नाही, हे स्वच्छ सांगितलंत. मी तुम्हाला एसी-डीसी या बँडच्या गायकाची, ब्रायन जॉन्सनची गोष्ट सांगितली होती: कानांमुळे २०१६ साली त्याला दौरा अर्ध्यात सोडावा लागला, आणि २०२० साली तो नव्या रेकॉर्डसह परत आला. तुम्ही ती मन लावून ऐकलीत आणि म्हणालात, 'त्याला स्टेजवर गायचंय. तुम्हाला कोथरूडच्या बाल्कनीत ऐकायचंय. आपलं काम सोपं आहे.'

परवाच्या चौथ्या खेपेला तुम्ही गाणं लावलंत. मी हात मांडीवर ठेवून बसलो होतो. ड्रमवाल्या पेससाहेबांच्या झांजा डावीकडून आल्या, ताटावर वाळू सांडावी तशा, दाणा न् दाणा वेगळा. ऑर्गन पेटीसारखा भरून आला. गिलननं तुकडा टाकला, गिटारनं उचलला. मग ती किंकाळी. ती थरथरली नाही. गेली, वर गेली, आणि माझी टेप जिथं संपायची तिथं मी सवयीनं श्वास धरला. तुम्ही माझ्याकडे बघत होतात. हात वर झाला नाही, म्हणून तुम्ही कागदावर काहीच लिहिलं नाहीत. गाणं पुढं गेलं, जमिनीवर आलं, टाळ्या वाजल्या.

खाली येऊन स्कूटर काढली आणि वळताना इंडिकेटरची टिकटिक ऐकू आली. ती वाजते हेच मी विसरलो होतो.

पुढच्या महिन्यात तपासणीला येतोच आहे, टोपणांची नवी जोडी तेवढी काढून ठेवा. आणि एक विनंती. दर महिन्याच्या शेवटच्या रविवारी आम्ही तिघं एरंडवण्यात जमतो. आईंना घेऊन या. आधी त्यांना हवं ते लावू, तंबोरा भरपूर असलेलं. मग तुमच्या परवानगीनं आमचं. मशीन या वेळी खिशात जाणार नाही.

आपला ऋणी,
दोनदा बटण दाबणारे काका
कोथरूड, पुणे