घाटातला उतार आणि व्हॉल्व्ह स्प्रिंगखालचा वॉशर

मा. संपादक,
स. न. वि. वि.

घाटात मालट्रक उलटला की बातमीत ‘ब्रेक निकामी झाल्याने’ एवढे कारण छापून येते आणि विषय तिथेच संपतो. पुष्कळदा हे ब्रेक निकामी होतात ते लायनर तापल्यामुळे, आणि लायनर, म्हणजे चाकाला घासून थांबवणाऱ्या ब्रेकच्या पट्ट्या, तापतात त्या उतारावर गाडी रोखण्याचा सगळा भार एकट्या चाकांच्या ब्रेकवर पडल्यामुळे. हा भार ज्याने वाटून घ्यायचा, त्या एक्झॉस्ट ब्रेकची चौकशी क्वचितच होते. कोल्हापुरात डिझेल इंजिनांच्या हेडची, म्हणजे सिलिंडरवरच्या व्हॉल्व्ह बसवलेल्या झाकणाची, कामे करण्यात माझी तीस वर्षे गेली. एक्झॉस्ट ब्रेक ज्या लहानशा भागाच्या जिवावर चालतो, त्या व्हॉल्व्ह स्प्रिंगची आपल्याकडे होणारी हेळसांड पाहून हे पत्र लिहीत आहे.

एक्झॉस्ट ब्रेक लावला की धूर बाहेर नेणाऱ्या पाइपातली झडप बंद होते, मागे हवा कोंडते आणि पिस्टनला त्या कोंडलेल्या हवेविरुद्ध जोर लावावा लागून गाडी आवरते. ही हवा सर्व सिलिंडरांना जोडणाऱ्या मॅनिफोल्डमधून शेजारच्या सिलिंडरच्या बंद एक्झॉस्ट व्हॉल्व्हलाही पाठीमागून ढकलत असते, आणि तो व्हॉल्व्ह सीटवर, म्हणजे त्याच्या बैठकीवर, दाबून धरणारी स्प्रिंगच काय ती असते. हिशेब सोपा आहे. 40 मिमी व्यासाच्या व्हॉल्व्हचे क्षेत्रफळ, दांडीची जागा वजा जाता, सुमारे 12 चौरस सेंटीमीटर भरते. कोंडलेल्या हवेचा दाब चौरस सेंटीमीटरला 4 किलो असेल तर व्हॉल्व्ह उचलू पाहणारा जोर 48 किलो होतो. स्प्रिंग 30 किलोचीच असेल, तर व्हॉल्व्ह क्षणभर उठतो आणि पुन्हा सीटवर आपटतो. कोंडलेली हवा निसटते, ब्रेक बोथट होतो आणि सीट पिटली जाते. काही मंडळी ब्रेक ‘कडक’ करण्यासाठी झडपेतले दाब मर्यादित ठेवणारे भोक वेल्डिंगने बुजवतात. त्यांना याची कल्पना नसते असे मी समजतो, कारण असती तर त्यांनी ते केले नसते.

आता वॉशरविषयी, ज्याला गॅरेजमध्ये सगळे वायसरच म्हणतात. हेडच्या कामात व्हॉल्व्ह घासला आणि सीट कापली की व्हॉल्व्ह हेडमध्ये खोल बसतो, त्याची दांडी वरच्या बाजूला तेवढीच जास्त निघते आणि स्प्रिंगला मिळणारी जागा वाढून ती सैल पडते. ही वाढलेली उंची भरून काढून स्प्रिंग कंपनीने ठरवलेल्या मापावर आणायची, हे वॉशरचे खरे काम. थकलेल्या स्प्रिंगला जोर आणणे हे त्याचे काम नव्हे. मोकळी असताना 60 मिमी आणि बसवल्यावर 49 मिमी होऊन 30 किलो दाब देणारी स्प्रिंग घेतली, तर दर मिलिमीटरला जेमतेम पावणेतीन किलोची भर पडते. तिला 48 किलोवर न्यायचे तर साडेसहा मिमीहून जास्त जाडीचे वॉशर घालावे लागतील, आणि मग व्हॉल्व्ह पुरता उघडण्याआधीच तिचे वेटोळे एकमेकांना चिकटून ती सळईसारखी घट्ट होईल. व्हॉल्व्ह पूर्ण उघडल्यावरही सर्व वेटोळ्यांमध्ये मिळून दीड मिमीच्या आसपास फट राहिली पाहिजे.

हे पुस्तकी वाटू नये म्हणून एक प्रसंग सांगतो. आंब्याच्या घाटातून नेहमी जा-ये करणारा एक सहा सिलिंडरचा ट्रक माझ्याकडे आला. एक्झॉस्ट ब्रेक लावला की हेडमधून टकटक आवाज येतो, अशी चालकाची तक्रार होती. दुसरीकडे हेडचे काम होऊन वर्षही झाले नव्हते. हेड उतरवून टेबलावर घेतले, स्प्रिंगा काढल्या, तर चार एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या स्प्रिंगांखाली तीन-तीन वॉशर निघाले आणि त्यांतले काही डब्याच्या पत्र्यातून कातरून काढलेले होते. वेटोळे जिथे एकमेकांवर बसत होते तिथे नाण्यासारखी चकाकी आली होती. एक पुशरॉड, म्हणजे व्हॉल्व्ह उघडण्याचा जोर वर पोचवणारी सळई, काचेवर लोळवून पाहिला तर वाकलेला असल्याने लंगडत गेला. एका पिस्टनच्या माथ्यावर नखाएवढी चंद्रकोर उमटली होती. ही चंद्रकोर मात्र वेगळ्याच चुकीची खूण होती. उतारावर चाकेच इंजिनला फिरवू लागली की इंजिनाचा वेग सांभाळणारा गव्हर्नर फक्त डिझेल तोडू शकतो, वेग रोखू शकत नाही, आणि मर्यादेबाहेर फिरणाऱ्या इंजिनात अशक्त स्प्रिंगचा व्हॉल्व्ह वेळेवर मिटत नाही आणि वर येणारा पिस्टन त्याला आपटतो. मालकाने मागच्या कामाचे बिल दाखवले. त्यात ‘हेड काम पूर्ण’ एवढेच लिहिलेले होते. स्प्रिंगचा उल्लेखच नव्हता.

मग जोरदार स्प्रिंगा घालाव्यात काय? अमेरिकेत 1989 पासून डॉज पिकअपमध्ये बसलेल्या कमिन्सच्या 5.9 लिटर इंजिनाचे अनेक मालक एक्झॉस्ट ब्रेकसाठी किंवा इंजिनाचे फेरे वाढवण्यासाठी तसे करतात, आणि त्याच घराण्यातले इंजिन जमशेदपूरला तयार होऊन आपल्या ट्रकांतही आले आहे. पण तिकडचे वेग वाढवण्याचे वेड इकडे आणण्याचे कारण नाही. स्प्रिंग जितकी कडक, तितका व्हॉल्व्ह उघडणाऱ्या कॅम, टॅपेट आणि रॉकर या भागांवरचा भार जास्त. झडप किती दाब कोंडते ते पाहून तेवढ्यापुरतीच स्प्रिंग निवडावी, आणि बदलायच्या तर निदान एक्झॉस्टच्या सर्व एकदम बदलाव्यात. नव्या-जुन्यांची मिसळ करू नये.

तपासणीला मोठी यंत्रसामग्री लागत नाही. स्प्रिंग गुण्याला लावून ती सरळ उभी राहते का ते पाहावे, गंजाचा खड्डा दिसला तर ती फेकून द्यावी, कारण तिथूनच तडा जातो. स्प्रिंगचा दाब मोजणारा टेस्टर नसेल तर ड्रिल मशीनच्या टेबलावर सपाट वजनकाटा ठेवून, ठरलेल्या उंचीपर्यंत दाबून दाब वाचता येतो. माझ्याकडे आयटीआयमधून येणाऱ्या मुलांना व्हॉल्व्ह घासणे उत्तम जमते, परंतु स्प्रिंगची उंची मोजायला सांगितली की ती माझ्या तोंडाकडे पाहतात.

मालवाहतूकदार संघटनांना माझी सूचना आहे की हेडचे काम करून घेताना प्रत्येक स्प्रिंगची बसवलेली उंची, त्या उंचीवरचा दाब आणि घातलेल्या वॉशरची जाडी बिलावर लिहून मागावी आणि वॉशर कडक पोलादाचेच आहेत याची खात्री करून घ्यावी. चालकांनी एक्झॉस्ट ब्रेक लावताच हेडमधून टकटक ऐकू आली, तर त्या ब्रेकच्या भरवशावर पुढचा उतार उतरू नये. गाडी वरच थांबवावी, खालचा गिअर टाकूनच सावकाश उतरावे आणि पुढची खेप भरण्याआधी हेड उघडून घ्यावे.

आपला,
एक हेड-फिटर, कोल्हापूर