गिरिस्थानांचं वर्ष मार्चला संपत नाही

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

डिसेंबर २०२५मध्ये राज्यातल्या नगरपरिषदांच्या निवडणुका झाल्या. काही वर्षं प्रशासकाच्या हाती असलेला माथेरानचा कारभार पुन्हा लोकांनी निवडून दिलेल्या नगराध्यक्षांकडे आणि नगरसेवकांकडे आला. हारतुरे आता आटोपले असतील. म्हणून एक मागणी मांडते. माथेरान, महाबळेश्वर, पाचगणी या गिरिस्थान नगरपरिषदांनी आपल्या कामांचं वेळापत्रक सीझन बघून ठरवावं आणि सरकारने त्यासाठी त्यांना मोकळीक द्यावी.

२०११च्या जनगणनेत माथेरानची लोकसंख्या ४,३९३ भरली. तेवढ्या वस्तीची ही क वर्ग, म्हणजे सर्वांत लहान गटातली, नगरपरिषद, आणि तिला मिळणारी माणसं, पैसा सगळं त्याच मापाचं. पण मे महिन्यातल्या एखाद्या शनिवारी दस्तुरी नाक्यावर, म्हणजे मोटारी जिथे थांबवाव्या लागतात तिथे, उभं राहून बघा. गाड्यांना लावायला जागा नाही, अमन लॉज स्टेशनवर मिनी ट्रेनच्या शटलच्या तिकिटासाठी रांग, लाल धुळीत बॅगांची चाकं रुतलेली, आणि त्यातून वाट काढत घोडे, हमाल, कडेवर पोरं घेतलेल्या बायका. या सगळ्यांना पाणी लागतं, शौचालय लागतं, एखाद्याचा पाय मुरगळला तर दवाखाना लागतो, आणि संध्याकाळी त्यांचा कचरा उचलावा लागतो. शार्लोट तलावाचं पाणी एवढ्यांना पुरत नाही, खालून उल्हास नदीचं पाणी पंपाने डोंगरावर चढवावं लागतं. जनगणनेच्या कागदावर यातला एकही पाहुणा नाही.

आता सरकारी वर्ष बघा. ते ३१ मार्चला संपतं. वर्षाच्या शेवटी निधी हातात पडतो, मग खर्चाची घाई, आणि कामाचा आदेश निघून प्रत्यक्ष कुदळ लागायची वेळ येते तेव्हा शाळांना सुट्ट्या लागलेल्या असतात. जूनमध्ये पाऊस सुरू झाला की ऑक्टोबरपर्यंत उघड्यावरचं काम धरताच येत नाही. सपाटीवरच्या गावाला हे चालून जातं. सीझनवर पोट असलेल्या गावात मात्र हे वरातीमागून घोडं ठरतं.

माथेरानात तर अडचण आणखी आहे. फेब्रुवारी २००३मध्ये हा परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून जाहीर झाला, आणि गावात मोटारगाड्यांना बंदी त्याच्याही कितीतरी आधीपासूनची आहे. ती असावीच, माथेरान माथेरान राहिलं ते तिच्यामुळे. पण खाली रस्त्यावर ट्रक रिकामा केला की काम सुरू, असं इथे होत नाही. सिमेंट, खडी, पाइप असलं सामान दस्तुरीला उतरतं आणि तिथून घोड्याच्या पाठीवर किंवा हातगाडीवर वर येतं. चढावर गोण्या लादलेला घोडा थांबला की मागची सगळी वर्दळ थांबते. मे महिन्यात त्याच वाटेने पर्यटक आणि त्याच वाटेने सामान, हे कोणालाच परवडणारं नाही. कामाला खरी मोकळीक मिळते ती दिवाळीची गर्दी ओसरल्यापासून होळीपर्यंत, तीही नाताळ आणि शनिवार-रविवार वगळून. या दिवसांत काम उभं राहायचं तर कागदपत्रं भर पावसात पूर्ण व्हायला हवीत. अंदाजपत्रक, निविदा, परवानग्या हे सगळं जुलै-ऑगस्टमध्ये बसून उरकायला हवं. माझ्या मते डोंगरावरच्या नगराध्यक्षांची खरी परीक्षा तेव्हाच असते. नेरळहून येणारी मिनी ट्रेन बंद असते, बाजारात आठवडाभर शुकशुकाट असतो, आणि तेव्हा केलेलं काम कोणाला दिसत नाही. हल्ली पावसातही शनिवार-रविवारी माणसं येतात हे खरं, पण सोमवार ते शुक्रवार वेळ असतो.

गावातल्या माणसांना एकत्र बसवण्याचं कामही सीझनच्या आधीच करावं लागतं. दस्तुरीवर पर्यटकांची दिशाभूल होते म्हणून मार्च २०२५मध्ये माथेरानकरांनीच बेमुदत बंद पुकारला, तेव्हा सुट्टीचे दिवस तोंडावर आले होते. हातरिक्षाचंही तसंच. माणसाने माणसाला ओढून न्यायची ही प्रथा सहा महिन्यांत थांबवा आणि ई-रिक्षा द्या, असा आदेश ऑगस्ट २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयाला द्यावा लागला. पेव्हर ब्लॉक कुठे बसवायचे आणि कुठे नाही हेसुद्धा दिल्लीतच ठरलं. घोडेवाले, रिक्षावाले, लॉजवाले, दुकानदार आणि झाडांची काळजी असणारे लोक यांची पोटं आणि मतं वेगवेगळी आहेत, हे मान्य. पण एवढ्याशा गावात सगळे एकमेकांना नावानिशी ओळखतात. अशा ठिकाणी हे प्रश्न न्यायालयापर्यंत जाऊ देणं मला बरं वाटत नाही. दर वर्षी फेब्रुवारीत सर्वांना बोलावून एक जाहीर बैठक घ्यावी. घोड्यांचे आणि रिक्षांचे दर, त्यांचे फलक, दस्तुरीवर कोण कुठे उभं राहणार, हे तिथेच ठरवावं आणि लेखी करावं.

या बैठकीत आणखी एक गोष्ट लोकांपुढे ठेवावी, ती म्हणजे प्रवासी कराचा हिशेब. गावात शिरताना प्रत्येक पाहुणा हा कर भरतो. किती जमा झाला आणि त्यातलं किती शौचालयांवर, पाण्यावर, वाटांवर खर्च झालं, याचा तक्ता दस्तुरीलाच मोठ्या अक्षरांत लावला तर पैसे देणाऱ्यालाही कळेल. शिवाय जास्त माणसं, जास्त निधी मागायला मंत्रालयात जाताना नगराध्यक्षांच्या हातात जनगणनेपेक्षा भक्कम आकडा असेल. येणाऱ्या माणसांची मोजणी तर या पावत्यांतूनच होते.

लहान गिरिस्थानाला काही जमत नाही असं कोणी म्हणू नये. पाचगणीने कचरा टाकायच्या जागेची बाग केली आणि तिला स्वच्छ भारत पॉइंट असं नाव दिलं. आज तिथे लोक फिरायला जातात.

राज्य सरकारकडे मागणं एवढंच की गिरिस्थान नगरपरिषदांचा विकास निधी सप्टेंबरअखेर त्यांच्या हातात पडावा, आणि मार्चपर्यंत खर्च झाला नाही म्हणून तो परत घेऊ नये. नव्या नगराध्यक्षांनी यंदाच्या पावसाळ्यातच सर्वसाधारण सभेत तसा ठराव करून नगरविकास खात्याकडे पाठवावा.

आपली,
माथेरानमध्ये घरगुती लॉजिंग चालवणारी एक वाचक