आण्णांच्या गुडघ्याची गोळी

हर्णे

प्रिय सुहास,

काल आण्णा माझ्या औषधाच्या दुकानात आले होते. छत्री मिटता मिटता त्यांनी खिशातून चुरगळलेली स्ट्रिप काढली, दोनच गोळ्या उरलेल्या. "हीच दे बाळा, गुडघा रात्रभर ठणकतो." डायक्लोफेनॅक! शिमग्यात हार्ट अटॅक, लगेच हृदयाच्या नळीत स्टेंट, आणि वर ही गोळी. कुणाकडून आणली ते सांगेनात. मी दिली नाही, तर रागावून गेले. मला रात्रभर झोप नाही.

सुहास, हे तू मनावर घे. दुखणं थांबवणाऱ्या या जातीच्या गोळ्या अंगात मीठ-पाणी धरून ठेवतात, बीपी चढवतात, रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढवतात. आण्णा ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल या गुठळी होऊ नये म्हणूनच्या गोळ्या घेतात, त्यात ही पोटात गेली की पोटातून रक्तस्रावाची भीती. याच जातीची आयब्युप्रोफेन तर ॲस्पिरिनच्याच कामात आडवी येते. "दोनच दिवस घेतो" म्हणतात, पण डेन्मार्कमध्ये अटॅक येऊन गेलेल्या ८३ हजारांहून अधिक रुग्णांच्या नोंदी तपासल्या, तो अभ्यास २०११ साली छापून आला. त्यात डायक्लोफेनॅकचा धोका पहिल्या दिवसांपासूनच दिसला. याच जातीची रोफेकॉक्सिब नावाची गोळी तर हृदयाच्याच कारणाने २००४ मध्ये जगभरातून काढून घेतली.

मग ठणका सोसायचा का? मुळीच नाही. आधी पॅरासिटामॉल, डॉक्टर सांगतील तेवढीच. गरम पाण्याची पिशवी, मांडीचे व्यायाम, हातात काठी. लावायच्या जेलमधलं औषध रक्तात फार कमी जातं, तरी तेही हृदयाच्या डॉक्टरांना विचारूनच. फाईलचा फोटो मला पाठव, कोणत्या गोळ्या चालू आहेत ते एकदा नीट बघतो.

आणि छातीत दुखलं, हात-जबडा भरून आला, घाम फुटला, तर वेदनेची गोळी देऊन वाट बघायची नाही. १०८ लावायचा. काकूंना मी आज सकाळी जाऊन दोनदा सांगितलंय, फळीवर नंबरही लिहून आलोय.

आण्णांचं खरं दुखणं वेगळंच आहे रे. यंदा गणपती पाखाडीच्या पायऱ्यांवरून आपल्याच हातांनी उतरवायचा, म्हणून गोळीचा हट्ट. मी ओरडून ऐकत नाहीत, तुझं ऐकतील. आज रात्रीच फोन कर. आणि चार दिवस आधी ये. मूर्ती तू धर, त्यांना पुढे टाळ घेऊन चालू दे.

तुझा,
दिनू